कान लावायचा दिवस

उन्हाळ्याच्या आधीचा महिना आला, की त्या इस्पितळाच्या तळघराचं लग्नघर होऊन जायचं. वर चार मजल्यांवरच्या लोकांना त्याचा पत्ताही नसे. त्यांना एवढंच कळे, की बाहेर डांबर पाघळलं तरी आत गार वाटतं. ते गार येतं कुठून, हे कोण विचारणार! ताटावर बसलेला माणूस तरी कुठे विचारतो, चूल कोणी पेटवली म्हणून?

ते गार यायचं मिस्त्रींकडून. एकतीस उन्हाळे त्यांनी त्या तळघरात काढले होते. पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरमधलं शेवाळ खरवडायचं, मशीनच्या दोनशे चाळीस नळ्यांत एकेक करून ब्रश घालायचा आणि पाण्याचा पांढरा थर काढायचा, जाळ्या धुवायच्या, पट्टे अंगठ्याने दाबून त्यांचा ताण बघायचा, पाणी निघून जायचे पाइप फुंकून मोकळे करायचे. ऐन उन्हाळ्यात मशीन उघडून बसणाऱ्याला ते मिस्त्रीच म्हणत नसत. ज्याने आधी काम केलंय त्याला भर उन्हाळ्यात पेपर वाचत बसता आलं पाहिजे, असं त्यांचं सरळ गणित होतं. आणि भर उन्हाळ्यात ते खरोखरच स्टुलावर पेपर वाचताना दिसायचे. नव्या लोकांना ते आळशी वाटत. वाटोत बापडे!

महिन्याच्या शेवटी यायचा कान लावायचा दिवस. सगळी मशिनं एकामागून एक चालू करायची, आणि मिस्त्री हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन निघायचे. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, अगदी तसंच. म्हणून तर वरच्या नर्सबाया त्यांना ‘खालचे डॉक्टर’ म्हणायच्या. आजूबाजूचे सगळे श्वास रोखून उभे. मग मिस्त्री डोळे उघडून म्हणायचे, "चालू द्या." ते म्हणाले की झालं. पुढचे चार महिने त्या मशीनकडे कोणी ढुंकून बघायचं नाही.

ही विद्या वस्तादांची. वस्ताद म्हणजे मिस्त्रींच्या आधी तळघर सांभाळणारे, तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार. पहिल्या वर्षी मिस्त्रींना काही म्हणजे काही कळेना. सगळा नुसता गोंगाट. वस्तादांनी त्यांना आठवडाभर एकाच मशीनपाशी उभं करून ठेवलं. दुसरं काम नाही, नुसतं ऐक. मिस्त्रींनी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. आणि आठव्या दिवशी त्या गोंगाटातून एकेक आवाज सुटा होऊन पुढे आला. कोरडं बेअरिंग रातकिड्यासारखं किरकिरतं. सैल पट्टा चपला फरफटत चालतो. पाणी कमी पडलेला पंप खडे चघळतो. त्या दिवशी मिस्त्रींना इतका आनंद झाला, की घरी येऊन त्यांनी आधी छताच्या पंख्याला, मग शिवणयंत्राला, मग पाण्याच्या मोटारीला कान लावून दाखवला. नुकतंच लग्न झालं होतं. बायको हसून हसून बेजार. काय दिवस होते ते! तळघरात अंगाची काहिली व्हायची, कपडे तेलाने माखायचे, हाताचा काळेपणा साबणालाही जुमानायचा नाही, आणि तरी घरी जाताना शीळ घालावीशी वाटायची. त्या दिवसांची आठवण निघाली की मिस्त्रींना अजून भरून यायचं.

वस्ताद गेले. त्यांच्या बरोबरची माणसं एकेक करून निवृत्त झाली. आता मिस्त्रींचीही वेळ आली होती. या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची नोकरी संपत होती. पण इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता. या वर्षीचा कान लावायचा दिवस पार पडला, की दोन वर्षांची मुदतवाढ. असा कान पुन्हा मिळायचा नाही, असं साहेब चारचौघांत म्हणाले होते, आणि मिस्त्रींची छाती फुगली होती. खरं सांगायचं तर त्यांना ती दोन वर्षं अगदी जिवापाड हवी होती. घरी बसून करणार काय? माणूस तळघरातलाच झाला होता.

त्यातून घरी बायको हल्ली कडक झालेली. साधं जेवायला या म्हणायचं, तरी ओरडूनच. मिस्त्री चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचे, की गेल्या तीन वर्षांत आपली मशिनं कशी मवाळ झालीत बघा, उतारवयात शहाणी झाली, हा आपल्या हाताचा गुण. घरी मात्र नेमकं उलटं चाललंय. सगळे खो खो हसायचे. त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेली इलेक्ट्रिशियन बाई होती, तिला सगळे वायरवाली म्हणत. तीही हसायची, पण जरा उशिराने.

कान लावायच्या आदल्या दिवशी मिस्त्री स्वतःपुरती एक फेरी मारत. त्या वर्षीही सकाळीच निघाले, मागे वायरवाली. चौथा ब्लोअर नवजात बाळांच्या खोलीचा. पत्र्याच्या मोठ्या पेटीत फिरणारा पंखा. तो थांबला, तर भर उन्हाळ्यात वरच्या काचेच्या खोलीतल्या त्या वीतभर जिवांना गार वारा नाही. मिस्त्रींनी मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आवाज कसा? लोण्यासारखा. याच्याइतका गुणी दुसरा नाही, असं म्हणून त्यांनी पत्र्यावर थाप मारली आणि पुढे निघाले.

वायरवाली जागची हलली नाही. मिस्त्रींच्या समोर येऊन, पुन्हा एकदा बघता का, म्हणून तिने विचारलं. झालं! मिस्त्रींचा पारा चढला. मी या मशीनला कान लावत होतो तेव्हा तू पाटीवर रेघोट्या ओढत होतीस, इथपासून सुरुवात झाली आणि बराच वेळ ते थांबले नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं, वर जरा काम आहे म्हणाली आणि निघून गेली.

तिचं ते गप्प बसणं मिस्त्रींना खटकलं. चार शब्द भांडली असती तर बरं वाटलं असतं. ते कुरकुरत परत फिरले. पेटीमागचं दुसरं बेअरिंग भिंतीच्या अंगाला, अंधारात होतं. एका हातात टॉर्च, दुसरा हात तोल सावरायला भिंतीवर. म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली आणि वाकले. टोक बेअरिंगला लागलं मात्र, त्यांचे दात कडकडले. जबड्यातून टाळूपर्यंत अशी खरखर चढली, की कोणी जात्यात वाळू दळत असावं.

त्यांनी मूठ काढून कानाला लावली. लोणी. दातांत धरली. वाळू. पुन्हा कानाला. लोणी. मग बेअरिंगवर तळहात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

मिस्त्री तिथेच पालथ्या बादलीवर बसले. मशिनं मवाळबिवाळ काही झाली नव्हती. कानात कापसाचा बोळा घालणाऱ्यांची ते आयुष्यभर टिंगल करत आले होते, आणि त्या गोंगाटाने त्यांचेच कान खाऊन टाकले होते. त्यांनी बेअरिंगच्या कडेने बोट फिरवलं. ताजं ग्रीस लागलं. ते त्यांनी भरलेलं नव्हतं. कोणी भरलं हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. तीन वर्षं ते ऐटीत कान लावून पुढे जात होते, आणि मागून वायरवाली खरं ऐकत होती, जिथे हवं तिथे ग्रीस भरत होती, पट्टे ताणत होती, आणि कोणापाशी चकार शब्द काढत नव्हती. या खेपेला बेअरिंग ग्रीसने सुधारण्यापलीकडे गेलं, म्हणून बिचारीला तोंड उघडावं लागलं. आणि वर आपण तिलाच झापलं. मिस्त्रींना इतकी लाज वाटली, की टॉर्च विझवून ते थोडा वेळ तसेच अंधारात बसून राहिले.

मग, माणूसच तो, दुसराच विचार डोक्यात शिरला. दात शाबूत आहेत. तळहात आहे. बेअरिंग आज बदलून टाकू. उद्या साहेबांसमोर मूठ कानाला लावल्यासारखं करू. वायरवाली काही बोलायची नाही, तीन वर्षं बोलली नाही ती आता कशाला बोलते? दोन वर्षं सहज निघतील.

बेअरिंग त्यांनी त्याच दुपारी बदललं. वायरवालीला बोलावून, तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. दोघांनी मिळून जुनं बेअरिंग ओढून काढलं. आतल्या गोळ्या काळ्या पडून त्यांना खड्डे पडले होते. महिनाभरसुद्धा टिकलं नसतं ते.

संध्याकाळी घरी बायको काहीतरी विचारत होती, नेहमीसारखी ओरडून. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. हे त्यांनी आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं.

"पूर्वी बोलायचीस ना, तसं हळू बोल जरा," ते म्हणाले.

ती थांबली. मग बोलली. ओठ हलले, भुवया हलल्या, हातही हलला. मिस्त्रींच्या कानात काहीच आलं नाही. ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "अहो, तीन वर्षं मी ओरडतेय. घसा दुखतो माझा."

कानाच्या डॉक्टरकडे चला, असं ती कितीदा म्हणणार होती. पण त्या कानाचं यांना केवढं कौतुक! धीरच झाला नाही, म्हणाली. मिस्त्रींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ओरडायला लागण्याआधी ही किती काय काय हळू आवाजात बोलली असेल, आणि आपण उत्तरच दिलं नसेल, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे तळघरात जमले. साहेब आले, हातात मुदतवाढीचं पत्र. मिस्त्रींनी पहिल्या ब्लोअरपाशी मूठ कानाला लावल्यासारखं केलं, तळहात हळूच टेकवून घेतला आणि म्हणाले, "चालू द्या." दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. साहेब मान डोलावत होते. कोणाला काडीचा संशय नाही.

चौथ्यापाशी त्यांचा हात थबकला. आज बेअरिंग नवं होतं, आज भीती नव्हती. पण पुढच्या महिन्यात? मशीन बिघडायला लागलं, की आधी आवाजाने सांगतं, मग तापतं, मग थांबतं. तळहाताला कळेपर्यंत निम्मा वेळ हातचा गेलेला असतो. ज्या मिस्त्रीला उशिरा कळतं त्याला आपण जन्मभर मिस्त्री म्हटलं नाही, आणि आता स्वतःच तसले होऊन या बाळांच्या खाली पेपर वाचत बसायचं? छे! हे काही त्यांच्या गळी उतरेना.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"साहेब, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. ही मशिनं या पोरीच्या कानावर चाललीत, माझ्या नाही."

साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी वायरवालीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले. त्यातलं अक्षर मिस्त्रींना कळलं नाही. पण पत्राची घडी होताना दिसली, आणि ती खिशात जाताना दिसली. एकतीस उन्हाळे एका घडीत संपले.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर वायरवालीच्या हातात दिला. ती नको नको म्हणत होती, तेवढं तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी तिची बोटं धरून मुठीवर मिटली आणि तिला मशीनपाशी उभं केलं. तिने मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आजूबाजूचे सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि त्यांच्यात आज मिस्त्रीही होते. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. ते भरले होते.

कसा आवाज आहे, मिस्त्रींनी विचारलं.

ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "काही नाही, काका. नुसता वारा."

मिस्त्री हसले. त्यांनाही तेच ऐकू येत होतं. तीन वर्षांत दोघांना एकच ऐकू यायची ही पहिलीच वेळ.

सगळे सवयीने मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होते. मिस्त्रींनी वायरवालीकडे बघून मान हलवली. ती सगळ्यांकडे वळली आणि दोन शब्द बोलली. मिस्त्रींपर्यंत आवाज काही पोचला नाही. पण एकतीस वर्षं आपल्याच तोंडात असलेले शब्द ओठांवरून ओळखायला त्यांना कानांची गरज पडली नाही.