निळ्या नांग्यांचा नर

आमच्या नदीतली शेवटची मादी मागच्या खोलीतल्या टाकीत राहत होती आणि घरातल्या कुणापेक्षाही लाड तिचेच जास्त होते. शेवटची म्हणते ते उगाच नाही. ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिची पिल्लं जगतात ती नदीच्या मुखाशी, मचूळ पाण्यात. जरा मोठी झाली की नदी चढून परत येतात. बंधारा झाला आणि ही वाटच बंद पडली. दोन वर्षं जाळी टाकून आम्हाला नर चार मिळाले, मादी ही एकच. चारही नर तिच्याच टाकीत सोडले, स्वयंवर मांडलं म्हणा ना. तिच्या डोक्याच्या कवचाखाली अंडी केशरी दिसायला लागली, तेव्हा ह्यांनी मला चक्क मिठी मारली, तीही नणंदेसमोर.

नणंद महिन्याभरापूर्वी सासरहून आली होती. "कंटाळा आला," एवढंच म्हणाली. आम्हीही खोदून विचारलं नाही. आमच्याकडे माणसांपेक्षा कोळंबीची चौकशी जास्त.

त्या दिवशी आम्ही दोघं होणाऱ्या पिल्लांसाठी मचूळ पाणी आणायला निघालो. मादी कात टाकेल, मग नर जवळ येईल, पण त्याला अजून आठवडा आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणून नणंदेला एवढंच सांगितलं, "लक्ष ठेव गं. कुणी तिच्या अंगावर धावलं तर जाळीनं उचल आणि सरळ बाजूच्या टाकीत टाक."

परत आलो तर नणंद दारातच उभी. महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुललेला दिसला.

"वहिनी, वाचवलं मी तिला! तो मेला सगळ्यात मोठा नर, निळ्या नांग्यांचा! नुसतं दाबून धरलं होतं तिला. हलूसुद्धा देत नव्हता. काढला त्याला बाहेर."

पाण्याचा कॅन दारातच टाकून मी आत धावले.

टाकीच्या एका कोपऱ्यात तिचं जुनं कवच पडलं होतं, अख्खं. दुसऱ्या कोपऱ्यात उरलेले तिघे नर कशावर तरी तुटून पडले होते. मी जाळी घातली. हाती लागला तो थोडासा केशरी लगदा.

"अगं, कात टाकली होती तिनं!" मी ओरडलेच. "कात टाकली की अंग लोण्यासारखं मऊ होतं, कुणीही फाडून खातं. म्हणून नर तिच्यावर नांग्या पसरून उभा राहतो, नवं कवच घट्ट होईपर्यंत. राखत होता तो तिला! एवढंही कळू नये?"

"अगं, हळू," हे म्हणाले.

"हळू कशाला? संपली आपली नदी!"

नणंद टाकीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"कसं कळणार, वहिनी? वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"दोन्ही म्हणजे काय?"

"सासरी माझा नवराही मला असाच धरून ठेवतो. भिंतीशी दाबून, आतून कडी लावून. तुमच्यासमोर नुसता खांद्यावर हात. तो हात काढून घेत नाही, म्हणून दादाला वाटतं, किती जपतो हिला."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी हातातली जाळी खाली ठेवली.

"दादा," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू त्याला आज मला न्यायला बोलावलंयस. निघालाय तो."

हे ओल्या फरशीवरच बसले. फोन त्यांच्या खिशातच होता. शेवटी मीच वाकून तो काढला आणि ‘येऊ नका, ती येणार नाही’ एवढं सांगायला त्याचा नंबर लावला.