पांढरशेपटी

जुरुआ नदीकाठच्या त्या वस्तीत कुणीही साप मारला की तो एवारिस्तोकडे आणून द्यायचा. सापांचा अभ्यास करणाऱ्या शहरातल्या मारिल्दाबाई त्याला स्पिरिटच्या बाटल्या देऊन गेल्या होत्या. आज त्या परत आल्या, तेव्हा त्याने सगळ्या बाटल्या फळीवर मांडल्या.

"नऊ जाती," तो म्हणाला.

शेजारचा तोनिको दारात टेकून उभा होता. "बाईंना म्हणे सापांचा पगार मिळतो. आम्ही येडे, फुकटात मारतो."

"यातला एक तर सापच नाही, तोनिको. बिनपायाचा सरडा मारलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मग आठ," एवारिस्तो म्हणाला.

बाईंनी एका लहान सापाची बाटली उचलली आणि मोठ्या, जहाल विषारी जराराकाच्या शेजारी ठेवली. "सात."

एवारिस्तोने ती पुन्हा जागेवर ठेवली. "हा वेगळा. पांढरशेपटी. चावला तर नुसती सूज येते."

"कोण म्हणतं?"

"माझा बाप म्हणायचा."

"हे जराराकाचं पिल्लू आहे, काका. पोटावरचे खवले बघा, सारखेच. पांढरी शेपटी अळीसारखी हलवतं, बेडूक फसतो. मोठं झालं की रंग जातो."

"आणि विष?" एवारिस्तोने विचारलं.

"तेच. लगेच होडी काढायची आणि इंजेक्शन गाठायचं."

एवारिस्तोची मुलगी लिंदाल्वा कॉफी घेऊन आली होती. ती तिथेच थांबली.

ऑगस्टमध्ये तिच्या आईला, देउझुइताला, कसाव्याच्या कंदांच्या शेतात साप चावला होता. लिंदाल्वाने होडीची मोटर चालू केली होती आणि एवारिस्तोने ती बंद केली होती. पांढरशेपटी आहे, पेट्रोल कशाला जाळतेस, असं म्हणाला होता. जखमेवर तंबाखू बांधला. दुसऱ्या दिवशी देउझुइताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा निघाले. वाटेत होडीतच तिने जीव सोडला.

"बाबा," लिंदाल्वा म्हणाली.

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी बाटलीवर लावायची चिठ्ठी काढली. "हा कुठे मिळाला?"

"आमच्या शेतात. अकरा ऑगस्ट."

"कुणी पकडला?"

"मी मारला. माझ्या बायकोला चावला होता."

बाईंची पेन्सिल थांबली. तोनिको दाराचा टेका सोडून सरळ उभा राहिला.

"ही बाटली नेऊ नका," एवारिस्तो म्हणाला. "पीठ भाजायच्या शेडमध्ये ठेवतो. सगळ्या घरांतली माणसं तिथे येतात."

"अरे, लोक विचारतील," तोनिको हळूच म्हणाला.

"विचारू देत."

"काय सांगशील?"

एवारिस्तोने लिंदाल्वाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "मोटर मी बंद केली, ते सांगेन."

बाटली घेऊन तो निघाला. चालताना आतला साप काचेवर आपटत होता. लिंदाल्वाने कॉफीची भांडी खाली ठेवली आणि फळीवरची मोठ्या जराराकाची बाटली उचलली.

"ही पण हवी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन्ही शेजारी दिसल्याशिवाय कुणाला पटायचं नाही."