मला ऐकू आलेली चीर

मी एक सेन्सर बोलतोय. अंगठ्याच्या पेराएवढी स्टीलची डबी आणि मागे शेपटीसारखी वायर, एवढाच माझा पसारा. धातूत बारीक चीर वाढू लागली की तो आतल्या आत कण्हतो. माणसाला ऐकू न येणारं ते कण्हणं टिपायचं, हे माझं काम.

कारखान्यात आलो आणि पहिल्याच दिवशी माझा जळफळाट सुरू झाला. तिथे एक म्हातारे तपासनीस होते. सगळे त्यांना कानकाका म्हणत. ते हातोडीने टाकी ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." झालं, सगळे निर्धास्त. मला मात्र 'ते बटण' म्हणत. मला आणलं होतं काकांच्याच इंजिनिअर मुलीने. पण माझी वायर जोडतानाही तिचं लक्ष बापाच्या तोंडाकडे.

एकदा हवेच्या मोठ्या टाकीची चाचणी होती. भिंतीपलीकडे पॅकिंगच्या खोलीत वीस बायका कामाला. मुलीने मला टाकीच्या जोडाजवळ बसवलं. दाब हळूहळू चढत गेला. मला 'कट्' ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा, आणि मग लागोपाठ. माझ्या वायरला जोडलेल्या पडद्यावर रेघा उसळल्या. तिने तिथल्या तिथे दाब उतरवायला लावला.

मॅनेजर वैतागले. "बटणाच्या नादाने काम थांबवायचं? काकांना विचारा."

काकांनी ठोकून पाहिलं. ठण्ण. स्वच्छ आवाज. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला चिरेपेक्षा हातोडीचाच राग आला.

काकांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही."

"मग करू सुरू?"

"नको. पोरगी नको म्हणतेय ना? उघडा टाकी."

आत, जोडालगत, बोटभर चीर निघाली. सगळ्यांनी मुलीची पाठ थोपटली, काकांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी टाकीला चिकटूनच होतो. कुणी वळूनही पाहिलं नाही. ऐकलं होतं मी, पण टाकी उघडली ती बापाच्या लेकीवरच्या विश्वासाने. तसा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नाही, हे आजही खुपतं.

आता माझा कान मंदावलाय. काल तिने नवा, चकचकीत सेन्सर आणला. उद्या माझ्या जागी तो बसेल. त्याच्याकडे बघून माझ्या पोटात दुखतंय. तरी एक विनवणी आहे. त्याला चिकटवण्याआधी तेवढी जागा नीट घासून घ्या. रंगाचा पापुद्रा राहिला, तर त्याला कमी ऐकू येईल.