कोणालाही घेतात त्या कॉलेजचा सांगाडा

मित्रांनो, किंचाळू नका. जुना असलो तरी मी प्लास्टिकचा सांगाडा आहे, भुताखेतांशी माझा काडीचाही संबंध नाही. एका कारखान्यात मला साच्यातून काढलं, हाडाला हाड तारेने जोडलं, टाळूत कडी घालून चाकाच्या दांडीवर लटकवलं आणि कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या बाहेर, द्राक्षमळ्यांना लागून असलेल्या कम्युनिटी कॉलेजात पाठवून दिलं. इथल्या पोरांनी माझं नाव ठेवलं फ्लाको, म्हणजे स्पॅनिशमध्ये हडकुळा. सांगाड्याला हडकुळा म्हणण्यात कसली आली अक्कल! पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हजारो हातांनी मला चाचपलं आहे. माझी एक बरगडी मासे पकडायच्या दोरीने बांधलेली आहे आणि जबडा दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या अंगावर चादर टाकतात आणि विसरून जातात. त्याचंही मला फारसं काही वाटत नाही. माझ्या हाडाला झोंबतं ते एकच वाक्य: "त्या कॉलेजात काय, कोणालाही घेतात!"

हो, घेतात. बाळाला आजीकडे ठेवून आलेल्या आईला घेतात. दिवसभर मळ्यात राबून आलेल्याला घेतात. त्यात लाजायचं काय? ज्याच्या दारात कुलूप, त्याने लाजावं.

गेल्या जानेवारीत येसेनिया आली, तेव्हाही वर्ग गच्च भरला होता, एकच जागा उरली होती. आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला जागा मिळालेली नाही, तो पहिल्या दिवशी येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहतो. मग आमच्या प्राध्यापिका थाओ बाई मनगटाच्या सुट्ट्या हाडांची पिशवी पुढे करतात. लाल ठिपक्याचं हाड ज्याच्या हाती लागेल, त्याला उरलेली जागा. येसेनियाच्या अंगात मोठ्या विद्यापीठाचा सदरा होता. तिला पाहून भिंतीजवळचा एक जण म्हणालाच, "काय ग, वाट चुकलीस का?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली, "आमच्याकडे शरीररचनेच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही. हा विषय झाल्याशिवाय नर्सिंगला अर्ज करता येत नाही. वर्ष जाईल माझं."

तिने पिशवीत हात घातला आणि लाल ठिपका वर आला. पोरगी तिथल्या तिथे उडी मारून नाचली.

तेव्हापासून ती आठवडाभर विद्यापीठात असायची आणि शनिवारी आमच्याकडे. वर्गाच्या आधी येऊन माझा हात हातात घ्यायची आणि एकेक हाड बोटाने ओळखायची. विद्यापीठातली मैत्रीण तिला म्हणाली होती, "तिकडचं शिक्षण म्हणजे स्वस्तातलं." येसेनिया मला ते सांगताना एवढी चिडली, की माझी करंगळी तिच्या हातात निखळून आली. घरी मात्र तिने यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. तिचे वडील कुको, सगळे मानाने डॉन कुको म्हणतात, बेदाण्याच्या कारखान्यात मुकादम. मुलगी विद्यापीठात शिकते हे त्यांनी चर्चपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पण आमच्या कॉलेजच्या वाहनतळावर दर शनिवारी जुना बाजार भरतो, हे पोरगी विसरली. त्या बाजारात तिची आत्या, तिया चायो, मक्याच्या पानात वाफवलेले तमाले विकायला बसते. एका शनिवारी चायोने भाचीला आमच्या इमारतीत शिरताना पाहिलं आणि भावाला फोन लावला. "कुको, तुझ्या पोरीला विद्यापीठाने हाकललं वाटतं."

झालं! नेमकी त्या दिवशी हाडांची परीक्षा होती. टेबलाटेबलावर हाडं मांडलेली, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं, मागे वळायचं नाही. येसेनिया मनगटापाशी पोहोचली होती आणि दारातून डॉन कुको आत घुसले.

"मिहा, पोरी! चल घरी. तुला काढून टाकलं आणि तू आमच्यापासून लपवलंस?"

"अपा, परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा? ही काय शाळा आहे?"

घंटा वाजली. मनगटाचं उत्तर कोरंच राहिलं. ती पुढे सरकली, तसे वडीलही टोपी हातात घेऊन मागोमाग सरकले. "चायो म्हणत होती, दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्यामध्ये आपटतो!"

"आत्याला सांगा, दोन पाय असले तरच चालता येतं. एकावर लंगडी घालावी लागते." बोलता बोलता पोरीचा हात लिहीतच होता. "अपा, मला कोणी काढलेलं नाही. मी तिथेही आहे आणि इथेही आहे. आत्ता मी इथून हलणार नाही. तुम्ही ओढून नेलंत तरी नाही."

"साहेब," थाओ बाई म्हणाल्या, "बसा, नाहीतर बाहेर जा."

डॉन कुको माझ्याशेजारच्या स्टुलावर मटकन बसले. टोपी ठेवायला खुंटी शोधली, ती सापडेना, तेव्हा माझ्याच डोक्यावर ठेवली. "काय रे हडकुळ्या," ते पुटपुटले, "बापाशी असं बोलतात का?" मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, असंच बोलतात, डॉन कुको, असंच बोलावं.

परीक्षा संपली. येसेनिया येऊन समोर उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "लाज वाटली इथे यायची?"

"मला नाही वाटली. तुम्हाला वाटेल म्हणून नाही सांगितलं."

ते ऐकून त्या माणसाचा चेहरा असा उतरला, की मलाही बघवेना. त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर ठेवली. मग त्यांनी फोन काढला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले. "चायो? हो, इथेच आहे ती. कोणी हाकललं नाही तिला. माझी पोरगी दोन कॉलेजांत शिकते, दोन! तुझ्या थोरल्याला एक तरी झेपलं का ग? आणि हे बघ, बाजारात सगळ्यांना सांग. मोठ्याने सांग."

मनगटाचे गुण गेले ते गेलेच. पण येसेनिया पास झाली आणि तिचा अर्ज वेळेत गेला.

मित्रांनो, माझ्या बरगड्यांवर वह्या अडकवू नका, माझी बोटं ओढू नका आणि सुट्टी संपली की माझ्यावरची धूळ तेवढी पुसा. एवढी काळजी घेतलीत तरी मला पुष्कळ आहे. आणि कोणी नाक मुरडून म्हणालं, "तिथे काय, कोणालाही घेतात," तर मान खाली घालू नका. त्याला आमच्या दारापर्यंत घेऊन या. त्यालाही घेऊ.