साहेबांच्या केबिनची हवा

चौकात बोर्ड लागला आणि आपण कसली हवा आत घेतो हे लोकांना कळायला लागलं, असं पालिकेचं म्हणणं होतं. त्याआधी लोक नुसतेच श्वास घ्यायचे, काही माहिती न घेता. बोर्ड दुमजली घराएवढा उंच. वर हवेचा आकडा आणि खाली एक गोल चेहरा. हवा चांगली असली की चेहरा हिरवा नि हसरा, वाईट असली की लाल नि रडका. बोर्डाची किंमत ऐकल्यावर पालिकेच्या सभेत सभासदांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग सगळ्यांनी एकदम बाकं वाजवून मंजुरी दिली. एवढ्या महागाच्या वस्तूला नाही कसं म्हणायचं?

हा बोर्ड चालवायला पालिकेने एक तंत्रज्ञ कंत्राटावर घेतला होता. त्याला आपण भाचा म्हणू, कारण पुढे सगळं शहरच त्याला तसं म्हणायला लागलं. खरा भाचा तो एकट्या आत्याचा. आईवडील लवकर गेले, आत्याने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्याला नोकरी लागल्याचं सगळ्या गल्लीला दारोदार जाऊन सांगितलं. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असा माणूस कचेरीत फार उपयोगी पडतो.

बोर्डाला हवेची खबर देणारं यंत्र म्हणजे चपलेच्या खोक्याएवढा एक पांढरा डबा. तो पालिकेच्या गच्चीवर बसवला होता. बोर्ड चाचणीसाठी सुरू केला त्या दिवशी चेहरा लाल झाला आणि लालच राहिला. दुसऱ्या दिवशीही लाल. उद्घाटनाला मंत्री येणार होते, आणि मंत्र्यांनी पडदा बाजूला सारल्यावर आतून रडका चेहरा निघाला असता तर साहेबांचाही तसाच झाला असता. साहेब म्हणजे पर्यावरण विभागाचे प्रमुख. त्यांनी भाच्याला बोलावलं आणि विचारलं, "आकडा जरा इकडचा तिकडे करता येतो का?"

"साहेब, खोटा आकडा मी टाकणार नाही," भाचा म्हणाला.

साहेब दुखावले. "खोटा टाक असं मी म्हटलं का? मी तत्त्वाचा माणूस आहे."

तेवढ्यात तिथे बसलेले भांडारपाल बोलले. पालिकेच्या प्रत्येक वस्तूची, अगदी झाडूचीसुद्धा, जबाबदारी त्यांच्यावर. ते म्हणाले, "पण साहेब, एवढं महागाचं यंत्र धुळीत ठेवलंय हे बरं नाही. गच्चीवर किती धूर, किती धूळ. उद्या बिघडलं तर तपासणीत माझी मान जाईल."

साहेबांचा चेहरा बोर्डाच्या आधी हसरा झाला. "बरोबर! सरकारी मालमत्ता आहे ती. आत आणा."

मग डबा आत आला. साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटावर, ढाली आणि मानचिन्हांच्या रांगेत, त्याला जागा मिळाली. डोक्यावर वातानुकूलन, शेजारी हवा शुद्ध करणारं गुरगुरतं यंत्र. वायर भाच्यानेच ओढली. पाहता पाहता चौकातला आकडा उतरला, चेहरा हिरवा झाला आणि हसला. कुणी खोटं बोललं नव्हतं. बोर्ड अगदी अचूक हवा सांगत होता, फक्त साहेबांच्या केबिनची. भाच्याने मनाशी म्हटलं, मी आकड्याला हात लावलेला नाही. पुढे कितीतरी दिवस हेच वाक्य तो उशाशी घेऊन झोपायचा.

उद्घाटन झोकात झालं. वर्तमानपत्राच्या बातमीदाराने शहराची हवा सुधारल्याचं छापलं. कशी सुधारली हे त्याने विचारलं नाही, कारण पालिकेकडून बातमी तयारच येत होती, आणि तिच्या शेजारी पालिकेची पानभर जाहिरातही. गच्चीवर जाऊन जरा नाक वर केलं असतं तरी कळलं असतं. पण बातमीदाराचं नाक ही त्याची खाजगी बाब आहे.

आत्याला दम्याचा त्रास होता. पंप कायम कमरेला खोचलेला. पूर्वी ती सकाळी खिडकीतून बाहेर बघायची, घसा खाकरून अंदाज घ्यायची आणि मगच पालिकेसमोरच्या बागेत फिरायला निघायची. बोर्ड आल्यापासून तिने अंदाज घेणं सोडून दिलं. बोर्ड हिरवा असला की निघाली, आणि बोर्ड तर रोजच हिरवा. बागेत तिच्यासारख्याच धापा टाकणाऱ्यांचा घोळका जमायचा. आत्या सगळ्यांना सांगायची, "बिनधास्त चाला. बोर्ड माझा भाचा चालवतो."

घरी येईपर्यंत तिच्या छातीतून शिट्ट्या वाजायच्या. भाचा म्हणायचा, "आज थंडी आहे, नको जाऊस." नाहीतर, "गुडघा दुखतोय ना तुझा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" आत्या म्हणायची. "आणि बोर्ड हिरवा आहे की."

भाचा उठून तिच्यासाठी पाणी गरम करायचा.

एके सकाळी आत्याला बागेतल्या बाकावरून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. भाचा धावत पोचला तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता, ओठ निळसर पडले होते, आणि तशातही ती डॉक्टरीणबाईंशी भांडत होती. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "हवा वाईट आहे, बाहेर पडू नका." आत्या मास्क बाजूला करून म्हणत होती, "तुम्हाला काय माहीत? माझ्या भाच्याचा बोर्ड बघा आधी!" भाच्याला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपल्या हाताने आपण हिला इथे आणून घातलं, हे त्याला स्वच्छ दिसलं.

घरी आणल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. डबा कुठे आहे तेही.

आत्या आधी हसली. खोकला येईपर्यंत हसली. "म्हणजे मी रोज तुझ्या साहेबाच्या केबिनमध्ये फिरायला जात होते म्हण की!" मग तिने डोळे पुसले. "बागेतल्या बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही. नोकरी जाईल माझी."

"मग मला का सांगितलंस?"

"तू माझी आत्या आहेस."

"असं," आत्या म्हणाली. "आणि त्यांना भाचा नाही, म्हणून त्यांनी मरायचं."

बरं वाटल्यावर ती बागेत गेली आणि घोळक्यातल्या प्रत्येकाला भाच्याचा नंबर देऊन आली. "बोर्ड राहू दे. घरातून निघण्याआधी माझ्या भाच्याला विचारत जा."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. "भाचे का? आज फिरायला जाऊ ना?" "भाचेबुवा, आमच्या आईला गच्चीवर बसवू का?" एका गृहस्थांनी तर पापड वाळत घालू का म्हणूनही विचारलं. नंबर या हातातून त्या हातात गेला आणि बघता बघता निम्म्या शहराला भाचा झाला.

आता उत्तर द्यायचं तर खरी हवा कळायला हवी. म्हणून भाचा साहेबांच्या आधी कचेरीत यायचा, बोर्डाकडे जाणारी वायर काढायचा, म्हणजे बोर्डावर कालचाच हिरवा आकडा थिजून राही. मग केबिनची खिडकी उघडून डबा तिथे धरायचा, डब्यावरचा आकडा वाचायचा, खिडकी लावून डबा परत मानचिन्हांत ठेवायचा आणि वायर जोडून टाकायचा. मग जिन्याखाली उभा राहून फोनवर कुजबुजायचा, "आज नका जाऊ." चोरासारखं खरं बोलण्यात त्याला हळूहळू गोडीही वाटायला लागली. आपण बरेच धाडसी आहोत असं त्याच्या मनात येऊ लागलं. आत्या तेवढी कौतुक करत नव्हती. "ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांचं ठीक," ती म्हणायची आणि भाजी निवडत बसायची.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यांनी बोलावलं तेव्हा भाचा मनातल्या मनात टेबल आवरून मोकळा झाला होता. साहेब मात्र खुर्चीतून उठून आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, सांगायचं नाहीस का! लोक आपणहून फोन करतात? याला म्हणतात नागरिक संवाद. आपण हेल्पलाइनच काढू. 'भाचा हेल्पलाइन'. आत्यांचा फोटो लावू."

"साहेब, पण लोक खरी हवा विचारतात."

"मग खरीच सांगायची. बोर्डावर असेल ती. अधिकृत आकडा एकच, दोन दोन आकडे सांगून लोकांना घाबरवायचं नाही. फोन रेकॉर्ड होतील, म्हणजे पारदर्शकता राहील." साहेबांनी हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राकडे तोंड करून एक दीर्घ श्वास घेतला. "शेवटी प्रत्येकाने आपापली जबाबदारी ओळखली पाहिजे."

हेल्पलाइनचंही उद्घाटन झालं. आत्याने फोटो द्यायला साफ नकार दिला, तेव्हा पालिकेने कुठल्यातरी भलत्याच हसऱ्या म्हातारीचा फोटो लावला. बातमीदाराने तिचीच मुलाखत छापली. भाच्याला केबिनच्या बाहेर एक छोटं टेबल आणि लाल फोन मिळाला.

हेल्पलाइनचा पहिला फोन एका बाईचा होता. मागे लहान मुलीचं खोकणं ऐकू येत होतं. "भाचे ना? मुलीला दमा आहे हो. आज तिच्या शाळेचे खेळ आहेत, मैदानावर. ती हट्ट धरून बसलीय. पाठवू का?"

थोड्या वेळापूर्वीच भाच्याने खिडकीत डबा धरून आकडा वाचला होता. इतका वाईट आकडा त्याने आजवर पाहिला नव्हता. फोनवरचा रेकॉर्डिंगचा दिवा लुकलुकत होता. त्या दिव्याकडे बघत तो म्हणाला, "बोर्डाप्रमाणे हवा चांगली आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," बाई म्हणाली. तिला केवढं हायसं वाटलं ते आवाजातच कळत होतं. तिने फोन ठेवला.

भाच्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. आकड्याला त्याने अजूनही हात लावला नव्हता. पण या वेळी खोटं त्याच्याच तोंडून गेलं होतं, त्याच्याच आवाजात, आणि ते एका आईने खरं मानलं होतं. तिला परत फोन करावा म्हणून त्याने नंबर शोधला. हेल्पलाइनच्या फोनवर नंबर दिसायची सोयच नव्हती. एवढ्या खर्चात ती एक तेवढी राहून गेली होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात त्याचा खिशातला फोन वाजला. साहेब! इतक्या सकाळी साहेबांचा फोन कधी येत नसे. आवाजही नेहमीचा नव्हता, दबका होता.

"अरे, मी बागेच्या फाटकाशी आहे. नातू आलाय राहायला, बागेत जायचं म्हणून मागे लागलाय. पण जरा घरघरतोय रे तो. आज नेऊ का आत?"

भाचा सावकाश म्हणाला, "साहेब, बोर्ड तुमच्या समोरच आहे. हिरवा आहे."

"तो मला दिसतोय." साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "तू खरं सांग."

भाचा उठला. केबिनचं दार ढकलून आत गेला. कपाटावरून डबा उचलला आणि खिडकी सताड उघडली. बाहेरचा करडा धूर आत आला. या वेळी त्याने वायर काढली नाही. डबा खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर ठेवून तो समोर चौकाकडे बघत राहिला. बोर्डावरचा आकडा चढायला लागला. हिरवा चेहरा पिवळा झाला, मग नारिंगी, आणि मग लाल. रस्त्यावरची माणसं थबकली. शाळेच्या दिशेने चाललेली एक रिक्षा थांबली, आतून एका बाईने डोकं बाहेर काढून वर पाहिलं आणि रिक्षा वळली. हेल्पलाइनवरची बाई ती हीच की दुसरी कुणी, हे भाच्याला कधीच कळणार नव्हतं. पण त्याचे डोळे भरून आले.

"लाल झालं," फोनवर साहेब म्हणाले.

"हो साहेब. त्याला घरी घेऊन जा."

"बरं झालं विचारलं." साहेबांनी नातवाला गाडीत बसवल्याचा, दार लावल्याचा आवाज आला. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "हे बघ, आम्ही घरी पोचलो की हिरवं करून टाक. आणि ती खिडकी उघडली असशील ना, ती आधी लाव. माझ्या केबिनची हवा खराब होते."

"हो साहेब," भाचा म्हणाला आणि वायरपुरती फट ठेवून खिडकी लावली. डबा बाहेरच ठेवला.