रंगरावाच्या अंगावरचं लुगडं

लुगड्याच्या काठावर हळदीचा डाग होता, नखाएवढा. भीमराजनं घडी मांडीवर घेतली होती आणि अंगठा त्या डागावर ठेवला होता — दोन वर्षांत लुगडं धुतलं नव्हतं.

गुरुवार, कारखान्यांना सुट्टी. कासारवाडीच्या चाळीमागं रहिमाबीनं खेळ मांडला होता. पॅकिंग शेडच्या आगीत तिचा नूरमोहम्मद गेला, भीमराजची बायको छबू गेली, आणखी पाच जण... तेव्हापासून महिन्यातून एकदा ती ऊद जाळायची, जयसिंग संबळ वाजवायचा, आणि ज्याला मेलेलं माणूस स्वप्नात दिसलं तो त्याचा कपडा मनाला येईल त्याच्या हाती द्यायचा. त्यानं तो अंगावर घालायचा, मेलेल्याच्या तोंडानं बोलायचं. नाही म्हणायचं नाही, खोटं बोलायचं नाही. बाया रडायच्या, आणि त्या रात्री झोप लागते म्हणायच्या.

भीमराजला झोप नको होती. रंगराव हवा होता — शेडच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालणारा सुपरवायझर, चौकशीत ‘कुलूप नव्हतंच’ म्हणणारा, आणि तरी दर खेळाला येऊन मागं बसणारा.

“भाऊ, सपन सांग,” रहिमाबी म्हणाली.

छबू एकदाही स्वप्नात आली नव्हती. तरी भीमराजनं सांगितलं — छबू आली, दार ठोठावत होती. मग उठून तिचं लुगडं रंगरावच्या पुढ्यात धरलं.

“सायेब, पदर नीट घ्या!” कुणीतरी हसलं. संबळ सुरू झाला तसं हसू विरलं. रंगरावनं पँटवरूनच लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला.

“छबू, दार कुणी लावलं?” भीमराजनं विचारलं.

“रंगरावनं,” तो लगेच म्हणाला. “कुलूप घातलं. चावी त्याच्या खिशात व्हती.”

रहिमाबीनं तोंडावर हात दाबला. एवढ्यासाठीच दोन वर्षं... भीमराज वळणार, तोच पदराआडून आवाज आला —

“सकाळी मी रंगरावला बोलले व्हते. अंगात ताप हाय, तरी आमचे मालक म्हनले, ओव्हरटाइम बुडवू नको, जा. अहो, तुमी असं का म्हनला?”

संबळ थांबला होता. हे त्या सकाळच्या चुलीपुढचं बोलणं, घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, असंच भीमराज धरून चालला होता.

“इचार, भाऊ, अजून इचार,” रहिमाबी म्हणाली.

रंगराव निऱ्या सोडायला लागला.

“राहू दे अंगावर,” भीमराज म्हणाला. तो डाग आता रंगरावच्या पोटरीपाशी हलत होता, आणि त्याच्याकडं बघता बघता भीमराजला पहिल्यांदाच भीती वाटली — आज रात्री छबू खरंच आली तर.