माझी गिटार घूं करत नाही

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खोटं नाही. पुण्यातल्या वाद्यांच्या दुकानात ऋषिराज नावाचा विक्रेता मला म्हणाला, "ताई, तुम्ही स्टेजवर वाजवता ना? मग ही घेऊ नका." तेव्हाही तो राग जागेवरच होता.

'ही' म्हणजे भिंतीवर टांगलेली, सायीच्या रंगाची इलेक्ट्रिक गिटार. साठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलवर बेतून आता नव्याने काढलेली. अशा गिटारीला रीइश्यू म्हणतात. सगळं जुन्यासारखं. मानेची मागची बाजू जाड, गोल, मूठ भरून येणारी. तारांखाली एकेरी गुंडाळीचे तीन पिकअप. तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवायचं काम हे पिकअप करतात.

"एकेरी गुंडाळी घूं करते," ऋषिराज म्हणाला. "त्यात तुमचे जत्रांचे कार्यक्रम, जनरेटरची लाइट. त्यापेक्षा ही दुहेरी गुंडाळीची बघा. एकदम शांत."

त्याने एक काळी चकचकीत गिटार माझ्या हातात दिली.

"दादा, आठ वर्षं मी जत्रांतच वाजवतेय. जनरेटरवरच, आणि एकेरी गुंडाळीवरच. माझी गिटार घूं करत नाही."

हे मी एवढ्या ताठ्यात म्हटलं, की शेजारी कीबोर्ड बघणारं जोडपंसुद्धा वळलं. पण मी थाप मारत नव्हते. माझी जुनी गिटार तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, बेळगावात एका फौजी बँडवाल्याकडून आणली होती. तो निवृत्त होऊन गावी चालला होता. तात्या स्वतः सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत, हवालदार होते. सुरातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण पुतणीला गिटार पाहिजे म्हटल्यावर ते गेले आणि घेऊन आले. ती घेऊन मी पाटण तालुक्यातल्या एका छोट्या ऑर्केस्ट्रात आठ हंगाम वाजवलं. दुसऱ्या पार्ट्यांच्या गिटारी गुरगुरतात, माइकला ओठ लागला की गाणाऱ्याला झटका बसतो, हे किस्से मी ऐकायचे आणि हसायचे. आमच्याकडे असलं काही कधी झालं नाही. जुन्या घडणीची गोष्टच वेगळी, असं मी धरून चालले होते.

गेल्या दिवाळीत त्या गिटारीची मान वाकली. मिरजेच्या सतारवाल्या कारागिराने दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "आतली सळई गंजलीय. घरी वाजवा, स्टेजवर नको." नेमकी त्याच महिन्यात मला सांगलीत जयरावांच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. जयराज त्यांचं नाव, पण सगळे जयरावच म्हणतात. मोठी पार्टी, स्वतःची बस, हंगामभर तारखा भरलेल्या. मला नवी गिटार हवी होती ती त्यासाठी.

दुकानात मी दोन्ही गिटारी पट्ट्याने गळ्यात अडकवून अर्धा अर्धा तास उभी राहिले. बसून कुठलीही गिटार चांगलीच वाटते. जत्रेत तीन तास उभं राहून वाजवावं लागतं, तेव्हा खांदा खरं काय ते सांगतो. काळी जड होती. आवाज जाड आणि देखणा, पण ढोलकीची थाप पडली की तो खाली बसला असता. सायीच्या रंगाच्या गिटारीचा आवाज धारदार. ढोलकी, कीबोर्ड, सगळ्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. आवाजाचं बटण बरोबर करंगळीखाली. आणि तिची मान हातात आली तेव्हा माझी जुनीच भेटल्यासारखं झालं.

"हीच द्या," मी म्हटलं.

ऋषिराज भला माणूस. बिल करताना म्हणाला, "दहा दिवसांत नाही पटली, तर खोक्यासकट आणा. बदलून देईन."

सांगलीला जायच्या आधी मी ती पाटणला घरी नेली. तात्यांच्या बायकोने, शालूकाकूंनी, हळदकुंकू लावलं. तात्यांनी गिटार उलटीपालटी केली, खिशातून वीज तपासायचा मीटर काढला, एक टोक तारेला लावलं, दुसरं केबलच्या खाचेला, आणि मान हलवली. "तारा अर्थला जोडल्यात. बेस केलंय."

मी हसले. नव्या नवरीला दात दाखव म्हणावं, तसा तो प्रकार. तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं, "तात्या, आता पार्टीची बस हाय. तुमी कशाला तरास घेताय? गुडघा दुखतोय तुमचा."

आठ वर्षं तात्याच मला जीपमधून कार्यक्रमाला न्यायचे. गुडघा दुखायचा, हे खरं होतं. पण सगळं खरं मी बोलले नव्हते. तात्या कार्यक्रमभर स्टेजमागे कुठेतरी असायचे आणि शेवटी पुढे यायचे ते पँट गुडघ्यापर्यंत ओली, हाताला चिखल. फोटो काढायची वेळ आणि हे तसे उभे. एकदा मी म्हणालेसुद्धा, "तात्या, जरा नीटनेटकं येत जावा की." सांगलीच्या लोकांसमोर मला ते नको होतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण तसं होतं.

"बरं," तात्या म्हणाले.

पहिला कार्यक्रम लोणंदजवळच्या एका गावच्या जत्रेत होता. संध्याकाळी सात वाजता पडदा उघडला, मी आवाजाचं बटण वर केलं आणि पहिला सूर छेडायच्या आधीच स्पीकरमधून घूं सुरू झाली. साधी नाही, पिठाच्या गिरणीसारखी. केबल बदलली, घूं. विजेचा दुसरा बोर्ड घेतला, घूं. दुसऱ्या गाण्याला साथ द्यायला माइकपाशी गेले आणि ओठाला मुंगळा डसावा तसा झटका बसला. मी मागे उडी मारली. समोरून कुणीतरी ओरडलं, "आवं, गिरण बंद करा की! दळाण झालं आमचं!"

सगळं मैदान हसलं. पाचव्या गाण्यापासून जयरावांनी माझा आवाज बंद करायला लावला आणि मी उरलेला कार्यक्रम नुसती बोटं हलवत उभी राहिले.

बसमध्ये चढताना जयराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "संयोगिता, शनिवारी कोयनानगर हाय," ते म्हणाले. "तिथं घूं आली तर गिटारीचं सगळं कीबोर्डवर घ्यावं लागंल. मग तुला उगंच कशाला गावोगाव फिरवायचं?" याचा अर्थ मला कळला. आठ वर्षांनी मिळालेली जागा एका कार्यक्रमात चालली होती.

सकाळी मी ऋषिराजला फोन केला. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्याने तोंडातून काढलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. काळी गिटार बाजूला काढून ठेवतो म्हणाला. पण खोकं लागणार होतं, आणि खोकं पाटणला माळ्यावर होतं.

घरी पोचले तेव्हा तात्या बँकेत गेले होते. काकू निवडण घेऊन बसल्या होत्या. मी शिडी लावून माळ्यावर चढले, खोकं ओढलं, तर त्यामागची एक हिरवी फौजी पिशवी धपकन खाली पडली. तोंड उघडलं आणि फरशीवर सगळं पसरलं. हातभर लांबीची तांब्याची कांब, टोकाला घासून घासून चकाकलेली. घण. चिमटे लावलेली लांब वायर. एक तांब्या. मिठाची पुडी.

"काकू, हे काय हाय?"

"तुज्या कारेक्रमाची पिशवी," काकू मान वर न करता म्हणाल्या. "ठिव जागेवर."

"माज्या कारेक्रमाची? मिठाचं काय काम कारेक्रमाला?"

"मला काय म्हाईत? आठ वरसं माज्या बरनीतलं मीठ जातंय. तू कारेक्रमाला निगालीस की ह्यांचा हात बरनीत. कांब जमिनीत ठोकायची, तिच्या बुडात मिठाचं पानी घालायचं, न्हाईतर पोरीला करंट बसंल म्हनायचं. ते पानी सुकलं की पुन्ना घालायचं. जनरेटरच्या धुरात, चिकलात बसून ऱ्हायचं तांब्या घेऊन. मी म्हनलं, आवं, एकांदं गानं तरी पुढं बसून ऐका. तर म्हनं, मागनं बी ऐकू येतंय."

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. जत्रेतल्या बोर्डाला तीन भोकं असतात आणि तिसऱ्यात, म्हणजे अर्थच्या भोकात, बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं, हे मला कोण सांगणार? जनरेटर टायरवर उभा, जमिनीशी त्याचा संबंध नाही. आठ वर्षं प्रत्येक गावात तो संबंध तात्यांनी जोडला होता. माझी गिटार घूं करत नाही, असं मी पुण्यात छाती पुढे काढून सांगून आले होते, आणि त्यातलं निम्मं श्रेय या पिशवीचं होतं. ओली पँट, चिखलाचे हात. मी त्यांना नीटनेटकं यायला सांगितलं होतं.

तात्या आले तेव्हा मी रडत होते आणि पिशवी माझ्या मांडीवर होती.

"तात्या, कवाच का न्हाई सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय?" ते ओशाळून म्हणाले. "तुजं काम वाजवायचं. सिग्नलात आमी हेच करत हुतो. वायरलेस लावायच्या आदी अर्थ."

"मग सांगलीच्या पार्टीत जाताना तरी सांगायचं!"

"एवढी मोठी पार्टी. म्हनलं, तिथं करत असत्याल." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "न्हाई करत?"

"न्हाई."

"आन् तुला करंट बसला?"

गुडघा दुखणारा माणूस उठला आणि जीपची किल्ली शोधायला लागला. मी हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हटलं, "तात्या, मला शिकवा."

त्या दुपारी परसात त्यांनी शिकवलं. ओल असेल तिथे कांब ठोकायची. मीठ पाण्यात विरघळवून घालायचं, कोरडं नाही. वायरचं एक टोक कांबेला, दुसरं जनरेटरच्या अंगाला, तिथून बोर्डाच्या तिसऱ्या पिनेला. हात लावायच्या आधी जनरेटर बंद, आणि मीटरने तपासल्याशिवाय गिटारीला शिवायचं नाही. मी तीनदा केलं तेव्हा त्यांनी हूं म्हटलं. शिडीशेजारचं खोकं मी पुन्हा माळ्यावर टाकलं.

शनिवारी चार वाजताच मी कोयनानगरच्या मैदानात घण घेऊन हजर होते. जमीन कातळाची. कांब वीतभर जाऊन थांबली. दुसरी जागा, तिथेही तेच. मैदानाचा रखवालदार येऊन म्हणाला, "आवं ताई, हितली जमीन आपसूक हलती. तुमी आनि कशाला हलवताय?" शेवटी पाण्याच्या टाकीच्या गळक्या नळाखाली जागा सापडली. आमचा जनरेटरवाला बिराप्पा जतकडचा, अबोल माणूस. त्याने दोन मिनिटं बघितलं, घण माझ्या हातातून घेतला आणि आठ घावांत कांब आत घातली. वायर जोडल्यावर मी मीटर लावला. मग मिठाच्या पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि किती वेळाने पाणी घालायचं ते सांगितलं. "दुष्काळी भागातला हाय मी," तो म्हणाला. "थेंब वाया जायाचा न्हाई."

जयराव लांबून बघत होते.

तात्या आणि काकू सहाला आले. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आल्या आल्या ते स्टेजमागे निघाले. मी त्यांना दंडाला धरून पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. काकू शेजारी.

सात वाजता पडदा उघडला. मी बटण वर केलं आणि डोळे मिटले. काही नाही. अगदीच काही नाही असंही नाही, एक बारीक सळसळ होती, दिव्यांकडे पाठ केली की तीही जाणारी. ऋषिराज अगदीच चुकीचा नव्हता. पण गिरण बंद होती. मी पहिला सूर मारला आणि तो ढोलकीवरून, कीबोर्डवरून, सरळ मागच्या रांगांपर्यंत गेला. जयरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या गाण्यात हाताने खूण केली, अजून वाढव.

मी तात्यांकडे बघितलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते, तोंड थोडं उघडं. आठ वर्षांत त्यांनी मला स्टेजवर वाजवताना पाहिलंच नव्हतं.

तिसरं गाणं संपलं आणि टाळ्यांमध्ये तात्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सावकाश उठायला लागले. ते कुठे निघाले, हे त्या मैदानात दोघींनाच कळलं. काकूंनी शर्ट ओढून पाहिला, पण ते ऐकेनात.

मी माइकपाशी गेले. ओठ टेकले. झटका बसला नाही.

"तात्या," मी म्हटलं, आणि सगळं मैदान त्यांच्याकडे वळलं. "बसा खाली. पानी बिराप्पा घालतुया."